एका वाक्यात 'उरलेलं सगळं राज्यांचं', मग केंद्र एवढं भारी कसं?

चौकस चिमणी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. मध्यंतरी अमेरिकेची घटना वाचायला घेतली. घेतली काय, एका बैठकीत संपली, आपल्या घटनेची नुसती अनुक्रमणिका तेवढी भरेल. त्यात पहिल्या कलमाच्या आठव्या भागात केंद्राला काय काय करता येईल त्याची यादी आहे, मोजून १८ नोंदी. चलन, टपाल, सैन्य, युद्ध पुकारणं, परदेशांशी आणि राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन असलं सगळं. आणि मग १७९१ ची दहावी दुरुस्ती, एकच वाक्य, की केंद्राला जे दिलेलं नाही आणि राज्यांना ज्याची मनाई नाही ते राज्यांकडे नाहीतर जनतेकडे. संपलं.

आता इतकं साफ लिहिलंय तर तिथलं केंद्र शेतीपासून बंदुकीपर्यंत सगळ्यात कसं काय दिसतं? आणि आपल्याकडे उलट, तीन तीन याद्या, मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६, समवर्ती (दोघांच्या सामाईक) सूचीत ४७ विषय, म्हणजे काही सुटायला जागाच ठेवली नाही, तरी केंद्र-राज्य भांडणं कोर्टात चालूच. छोटी यादी केली तरी भांडण, मोठी केली तरी भांडण. मग यादी करायची कशाला? जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगा, मी कायद्याची विद्यार्थिनी नाही.

खवचट खंडू
सोपं आहे. तिजोरी ज्याची सत्ता त्याची. धागा बंद करा आता.

कलमकसाई
खंडू अर्धं बरोबर आहे, पण अर्धंच. तिजोरीकडे नंतर येऊ. आधी यादी वाचतो कोण ते बघा, कारण यादी स्वतः बोलत नाही, तिच्या वतीने कोर्ट बोलतं.

चिमणीताई, तुम्ही दिलेल्या यादीत 'राज्याराज्यांमधला व्यापार' आहे ना, अमेरिकेचं अख्खं केंद्र त्या एका नोंदीवर उभं आहे म्हटलं तरी चालेल. ओहायोमधला एक शेतकरी होता, रॉस्को फिलबर्न. १९३८ च्या कायद्याने गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून कोणी किती एकरात पेरायचं ते केंद्राने ठरवून दिलेलं. याला मिळाले ११.१ एकर, याने पेरले २३. वरच्या ११.९ एकरांत २३९ बुशेल (धान्याचं तिथलं माप) गहू निघाला आणि बुशेलमागे ४९ सेंट असा ११७ डॉलर ११ सेंट दंड लागला. तो म्हणाला, अहो हा गहू मी विकलेलाच नाही, माझ्या कोंबड्यांनी आणि जनावरांनी खाल्ला, थोडा घरात पीठ म्हणून गेला, थोडा बियाण्याला ठेवला, यात राज्याराज्यांमधला व्यापार आला कुठून? सुप्रीम कोर्टाने १९४२ मध्ये एकमताने सांगितलं की आला. तू घरचा गहू खाल्लास म्हणजे तेवढा बाजारातून घेतला नाहीस, आणि तुझ्यासारखे हजारो जण असंच वागले तर देशभराच्या बाजारावर फरक पडतो, म्हणून केंद्राचा हात तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पोचतो.

घटनेतला एक शब्द बदलला नाही. यादी तीच, १८ ची.

चौकस चिमणी
अरे देवा. कोंबडीने दाणे टिपले आणि घटनात्मक प्रश्न झाला! पण मग मर्यादा कुठे आहे की नाहीच?

कलमकसाई
होती का नव्हती अशी शंका यायला लागली होती. मग १९९५ मध्ये लोपेझची केस झाली. शाळेच्या आसपास बंदूक बाळगणं केंद्राने गुन्हा ठरवलं होतं, कोर्टाने ५-४ ने सांगितलं की शाळेजवळ बंदूक असणं म्हणजे व्यापार नव्हे, हा कायदा गेला. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून व्यापाराच्या नोंदीवर बसवलेला कायदा पहिल्यांदाच असा पडला. लोकांनी केवढे लेख लिहिले. आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, काय केलं माहितीये, तोच कायदा परत आणला, फक्त त्यात घातलं की ती बंदूक राज्याराज्यांमधल्या व्यापारातून आलेली असली पाहिजे. आता बंदूक कुठल्यातरी कारखान्यातून कुठल्यातरी राज्यात येणारच की.

निवृत्त नाना
चिमणी, तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग मी घेतो. आपल्या तीन याद्या १९५० ला आकाशातून पडल्या नाहीत. १९३५ च्या कायद्यात त्या होत्याच, केंद्राची ५९, प्रांतांची ५४ आणि सामाईक ३६ विषयांची. घटना समितीने त्या वाढवल्या, झाडल्या-पुसल्या, आणि उरलेलं, म्हणजे ज्याला शेषाधिकार म्हणतात, ते कलम २४८ ने संसदेला दिलं. अमेरिकेत उरलेलं राज्यांचं, आपल्याकडे उरलेलं केंद्राचं. १९३५ मध्ये ते कोणाचं यावर एकमत होईना म्हणून तो निर्णय गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोडला होता, हे आज वाचून हसू येतं.

पण याद्या मोठ्या असल्या की भांडणं कमी होतात हा तुझा समज काढून टाक. विषय जेवढे बारीक लिहाल तेवढ्या त्यांच्या कडा एकमेकांना घासतात. जुनं उदाहरण मुंबई राज्याचंच. दारूबंदीचा १९४९ चा कायदा. दारू बनवणं, बाळगणं, विकणं हे राज्याच्या यादीत, पण परदेशातून माल आयात करणं केंद्राच्या यादीत. आता मालाला राज्यात बाळगायचीच बंदी केली तर आयात करून करणार काय, म्हणजे राज्याने मागच्या दाराने आयातच बंद केली की नाही? १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्याचा गाभा बघायचा. गाभा दारूबंदीचा आहे ना, मग जाता जाता आयातीला धक्का लागला म्हणून कायदा रद्द होत नाही. त्यानंतर गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं वकील मंडळी 'गाभा' शब्दावरच जगतायत. त्याच राज्यसूचीतल्या 'मादक मद्य' या शब्दांत कारखान्यात वापरायचं अल्कोहोल बसतं का, हा प्रश्न नऊ न्यायाधीशांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सोडवला. बसतं म्हणाले, ८-१ ने.

खवचट खंडू
दारूवर कोर्ट ७५ वर्षं बसलंय आणि बदनाम आम्ही.

बिनपाण्याची नदी
नाना, एक विचारू का, लॉकडाऊनच्या वेळी सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत, पोलिस राज्यसूचीत, मग केंद्राने देशभर एका रात्रीत आदेश काढला तो कुठल्या अधिकारात? तेव्हापासून विचारायचं राहिलंय

निवृत्त नाना
हा प्रश्न मला फार आवडतो, थांब सविस्तर लिहितो. 'आपत्ती' नावाची नोंद तिन्ही याद्यांत कुठेच नाही. मग २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा संसदेने केला कुठल्या नोंदीखाली? समवर्ती सूचीतली २३ वी: सामाजिक सुरक्षा आणि सामाजिक विमा, रोजगार आणि बेरोजगारी. हो, बरोबर वाचलंस. भूकंप, पूर, त्सुनामी यांचा कायदा 'रोजगार आणि बेरोजगारी'च्या खुंटीवर टांगलेला आहे. मार्च २०२० चे देशभरातले आदेश त्याच कायद्याखाली निघाले. जवळची वाटेल अशी एक नोंद होती, समवर्ती सूचीतली २९ वी, संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नये म्हणून, पण तिच्या आधारे हाताशी काय होतं तर १८९७ चा साथरोग कायदा, अगदी छोटासा.

म्हणून मी नेहमी सांगतो की यादी ही कपाटातल्या खणांसारखी आहे. वस्तू कुठल्या खणात टाकायची ते टाकणारा ठरवतो, आणि मालक कोण ते खणावरून ठरतं.

तिरपागडा
२०२० चे शेती कायदे पण तसेच की. शेती राज्यसूची १४, बाजार आणि जत्रा राज्यसूची २८, पण कायदे आणले समवर्ती ३३ खाली, अन्नधान्याचा व्यापार. आणि ती नोंद पण मूळची तशी नव्हतीच, १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने तिच्यात अन्नधान्य, पशुखाद्य, कापूस, ताग हे घुसवलं. कायदे मागे घेतले २०२१ मध्ये त्यामुळे कोर्टाचं शेवटचं म्हणणं कळलंच नाही. मला विचाराल तर हे सगळं नाटक आहे, भारत फेडरल, म्हणजे खरं संघराज्य, नाहीच मुळी. केंद्राला पाहिजे तेव्हा राज्याचे दोन तुकडे करता येतात, कलम ३, राज्याच्या विधानसभेला फक्त 'तुमचं मत काय' विचारायचं. तेलंगणाच्या वेळी आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, काय झालं? जून २०१४ ला तेलंगणा झालंच. अमेरिकेत टेक्सासचे दोन करून दाखवा बरं टेक्सासला न विचारता.

कलमकसाई
तिरपागडे, कलम ३ चं म्हणणं मान्य, तिथे वाद नाही. म्हणूनच घटनेच्या पहिल्या कलमात राज्यांचा संघ असा शब्द आहे, आणि आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्याचा खुलासा केला होता की हा संघ राज्यांनी करार करून बनवलेला नाही, त्यामुळे कोणाला फुटून बाहेर पडायचाही हक्क नाही. अमेरिकेला तेवढं सिद्ध करायला यादवी युद्ध लढावं लागलं.

पण 'फेडरल नाहीच' हे जास्त होतंय. याद्या बदलायच्या असतील तर कलम ३६८ प्रमाणे संसदेचं विशेष बहुमत तर लागतंच, वर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी लागते. म्हणजे केंद्राला राज्य तोडता येतं पण राज्यांची यादी एकट्याने फाडता येत नाही, मजेशीर आहे खरं. आणि राष्ट्रपती राजवटीचं बघ, १९९४ च्या बोम्मई निकालाआधी आणि नंतर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुमत आहे का नाही ते राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं, आणि राजवट लावली तरी कोर्ट ती तपासू शकतं, हे त्या निकालाने पक्कं केलं.

तिरपागडा
आणि राज्यसभा? अमेरिकेत प्रत्येक राज्याला दोन सिनेटर, राज्य केवढंही असो. आपल्याकडे उत्तर प्रदेशला ३१, गोव्याला १. राज्यांची सभा म्हणे.

पानगळ
वाचतेय, छान चाललाय धागा. मी कॅनडात असते तर इथली गंमत सांगते कारण ती चिमणीच्या प्रश्नाला एकदम फिट बसते. १८६७ ला इथली घटना झाली तेव्हा शेजारी नुकतंच यादवी युद्ध आटपलेलं. इथल्या लोकांनी बघितलं की राज्यांना जास्त डोक्यावर बसवलं की काय होतं, म्हणून मुद्दाम उलटं केलं, उरलेले अधिकार केंद्राला, प्रांताचा कायदा नुसता रद्द करायचाही अधिकार केंद्राला. कागदावर बघाल तर केंद्र एकदम दणकट. पण अर्थ लावणारं वरचं कोर्ट कुठे, तर लंडनमध्ये, प्रिव्ही कौन्सिल, १९४९ पर्यंत! आणि त्यांनी एकामागून एक निकाल प्रांतांच्या बाजूने दिले. शांतता-सुव्यवस्थेसाठी केंद्राला जो मोठा अधिकार दिला होता तो इतका आवळला की जवळपास आणीबाणीपुरता उरला. रद्द करायचा अधिकार शेवटचा १९४३ ला वापरला, अजून कागदावर आहे पण हात लावायची कोणाची टाप नाही.

म्हणजे बघा अमेरिकेत घटनेने राज्यांना भारी केलं आणि कोर्टाने केंद्राला. इथे घटनेने केंद्राला भारी केलं आणि कोर्टाने प्रांतांना. दोन्ही घटना लिहिणारे आज उठून आले तर एकमेकांच्या देशात जाऊन बसतील 😄

कलमकसाई
+१ पानगळताई, शेवटचं वाक्य चोरून ठेवतोय.

पक्षीवेडी
मी कायद्यातली नाही पण मला पक्ष्यांमुळे यातलं थोडं माहीत आहे, लिहिते, चुकलं तर सांगा. स्थलांतरित पक्षी कोणाचे हा प्रश्न अमेरिकेत आला होता. केंद्राने शिकारीवर बंदीचा कायदा केला, खालच्या कोर्टांनी सांगितलं की पक्षी तुमच्या यादीत नाहीत. मग केंद्राने १९१६ ला कॅनडासाठी ब्रिटनशी करारच केला आणि तो पाळायचा म्हणून १९१८ ला परत कायदा केला. मिसूरी राज्य कोर्टात गेलं, १९२० ला हरलं. करार करायचा अधिकार केंद्राचा, तेव्हा करार पाळायला कायदा करायचा अधिकार पण केंद्राचा. म्हणजे जे पुढच्या दाराने जमलं नाही ते परदेशातून फिरून आणलं!

आपल्याकडे वन्यप्राणी आणि पक्षी मूळ राज्यसूचीत, २० वा नंबर. १९७२ चा वन्यजीव कायदा संसदेने केला तो कलम २५२ खाली, म्हणजे आधी राज्यांनी ठराव करून सांगितलं की आमच्या वतीने तुम्ही करा. किती सभ्य पद्धत. आणि मग १९७६ ला आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीने वन्यजीव, जंगलं, शिक्षण, वजनमापं वगैरे पाच विषय उचलून समवर्ती सूचीत टाकले. जंगलांच्या बाबतीत ते बरंच झालं असं माझं मत आहे, शिव्या खायची तयारी आहे.

निवृत्त नाना
शिव्या नाहीत, पक्षीताई, पण शिक्षण त्याच गठ्ठ्यातून गेलं ते आजतागायत परत आलं नाही, एवढं नोंदवतो.

करारावरून, आपल्याकडे कलम २५३ तेच करतं, परदेशाशी करार असेल तर संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते, १९८६ चा पर्यावरण कायदा तसाच झाला. ऑस्ट्रेलियात १९८३ ला टास्मानियाचं धरण याच वाटेने अडलं, राज्याला धरण बांधायचं होतं, केंद्राने जागतिक वारशाच्या कराराचा आधार घेतला, कोर्टात ४-३ ने केंद्र जिंकलं. आणि पानगळ म्हणते तशी कॅनडाची तऱ्हा वेगळी, १९३७ ला लंडनने सांगितलं की करार खुशाल करा पण विषय प्रांताचा असेल तर कायदा प्रांतच करणार.

खवचट खंडू
झालं का पक्षी, कोंबड्या, दारू? आता माझ्या तिजोरीकडे या.

१९८४. अमेरिकेच्या केंद्राला वाटलं दारू प्यायचं वय २१ पाहिजे. पण दारू राज्यांचा विषय, १९३३ च्या २१ व्या दुरुस्तीनंतर तर नक्कीच. मग कायदा काय केला, तुम्हाला वय कमी ठेवायचंय, खुशाल ठेवा, फक्त हायवेच्या पैशातले ५ टक्के कापू. साउथ डकोटामध्ये १९ व्या वर्षी हलकी बिअर चालायची, ते कोर्टात गेले, १९८७ ला हरले ७-२ ने. कोर्ट म्हणालं ही बळजबरी नाही, आमिष आहे. आज सगळीकडे २१. यादीला कोणी बोटही लावलं नाही.

कलमकसाई
खरंय. मात्र २०१२ मध्ये त्याच कोर्टाने आमिष आणि बळजबरीत रेघ ओढली. ओबामाच्या आरोग्य कायद्यात अट होती की मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) वाढवा नाहीतर आहे ते मेडिकेडचे पैसेही जातील, तेव्हा कोर्ट म्हणालं हे फार झालं.

ऑस्ट्रेलियाचं तर भयंकर आहे. १९४२, युद्ध चालू, केंद्राने आयकराचे दर एवढे वाढवले की राज्यांनी वर आपला कर लावला तर लोकांकडे काही उरणार नाही, आणि सांगितलं की तुम्ही आयकर गोळा करणं सोडलंत तर भरपाई देऊ. राज्यं कोर्टात गेली, हरली. युद्ध संपलं, आयकर काही परत आला नाही. घटनेप्रमाणे राज्यांना आजही आयकर लावायचा हक्क आहे बरंका.

बिनपाण्याची नदी
आपल्याकडे जीएसटी तसंच झालं ना मग? राज्यांनी विक्रीकर दिला आणि केंद्र-राज्यांची मिळून जीएसटी परिषद मिळाली

खवचट खंडू
परिषदेचं गणित करून बघ, मजा येते. घटनेच्या कलम २७९ अ प्रमाणे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश. २८ राज्यं अधिक दिल्ली, पुद्दुचेरी, जम्मू-काश्मीर, धरून ३१. ३१ च्या ३१ एक झाले तरी ६६.७ टक्के, ठराव होत नाही. केंद्र एकटं काहीही अडवू शकतं. उलट केंद्राला अडवायचं तर १२ जण लागतात, आणि पास करायला केंद्राला सोबत २० लागतात. म्हणजे एकाच्या खिशात ब्रेक, बाकीच्यांनी डझनभर मिळून ब्रेक दाबायचा.

निवृत्त नाना
गणित बरोबर आहे पण दोन गोष्टी राहिल्या. मतदान फारसं होतच नाही, पहिल्यांदा झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीच्या दरावरून. आणि २०२२ मध्ये मोहित मिनरल्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, कलम २४६ अ ने संसद आणि विधानसभा दोघांनाही कायदा करायचा अधिकार दिलाय. व्यवहारात कोण वेगळा दर लावून शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक पाठवणार हा भाग निराळा.

माझी खरी तक्रार सेसबद्दल, म्हणजे उपकराबद्दल, आहे. वित्त आयोग सांगतो केंद्राच्या करातला ४१ टक्के वाटा राज्यांना द्या, चौदाव्याने ४२ सांगितला होता, पंधराव्याने ४१ केला कारण जम्मू-काश्मीर राज्य राहिलं नव्हतं. पण सेस आणि अधिभार त्या वाटणीच्या भांड्यात येतच नाहीत. कर वाढवला तर ४१ पैसे द्यावे लागतात, तेवढाच सेस लावला तर रुपयाचा रुपया आपला. कोणतंही सरकार असो, कुठला रस्ता धरेल?

तिरपागडा
आता मला आठवणीने 'फेडरल' म्हणून दाखवा.

चौकस चिमणी
बापरे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत सगळ्यांनी. नानांची खणांची उपमा आवडली. आता एकच शेवटचं, ज्या गोष्टी घटना लिहिताना नव्हत्याच त्यांचं काय? ऑनलाईन गेम्स वगैरे. मी तरी पैज लावायला तयार आहे की तिथे पण केंद्रच जिंकणार.

कलमकसाई
पैज आणि जुगार राज्यसूची, ३४ वा नंबर. तामिळनाडू आणि कर्नाटकने त्याखाली ऑनलाईन गेम्सवर कायदे केले, २०२१ आणि २०२२ मध्ये हायकोर्टांनी ते उडवले. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेच पैशाच्या ऑनलाईन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. आता हा जुगार आहे की इंटरनेट, म्हणजे राज्याचा खण की केंद्राचा, ते कोर्टात गेलंय.

खवचट खंडू
चिमणी, समोरासमोर पैज लावलीस तर राज्याला विचार. इथे धाग्यावर लावलीस तर दिल्लीला.